विजेचा हातरंधा : त्याची रचना, पारख व वापर

खेड्यांत वीज येऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. प्रथम तिनें दिवा लावला, मागाहून विहिरीवरचा पंप चालविला, पुढें पिठाची गिरणी आणि कडबा कापण्याचें यंत्र तिच्या स्वाधीन झालें. अलीकडे सुताराच्या हत्यारांतही तिचा शिरकाव झाला असून भोंकें पाडण्याचें यंत्र, गोल करवत आणि विजेवर चालणारा रंधा हीं तीन हत्यारें तालुक्याच्या गांवीं हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत मिळतात. पैकीं पहिल्या दोहोंची पारख करणें फारसें अवघड नाहीं. भोंक सरळ पडलें कीं नाहीं, फळी नीट कापली गेली कीं नाहीं, हें कोणासही दिसतें. रंध्याची गोष्ट तशी नाहीं. वाईट रंधाही लाकूड तासतोच. फळी वांकडी झाली हें कळतें तें दार चौकटींत बसवितांना. तोंपर्यंत लाकूड गेलेलें असतें, आणि तासून गेलेलें लाकूड परत चिकटवितां येत नाहीं.

ज्या शेतकरी बंधूंच्या घरीं दारें-खिडक्या, गोठ्यांतील गव्हाणी, माळ्याच्या फळ्या, मधमाश्यांच्या पेट्या अशीं लाकडी कामें नेहमीं निघतात आणि असा एखादा रंधा आपणही घ्यावा असें ज्यांच्या मनांत येतें, त्यांच्याकरितां ह्या यंत्राची रचना, निवड व वापर ह्यांविषयीं माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. सर्वांचें सार आरंभींच सांगावयाचें तर तें असें : रंधा घेतांना प्रथम त्याचा तळ पाहावा, मग पातीं पाहावीं, वॅटचा आंकडा सर्वांत शेवटीं पाहावा, आणि ह्या सर्वांच्या अगोदर आपल्या घरीं त्यास वर्षाकांठीं काम किती आहे, ह्याचा हिशेब मांडावा.

मूळ हत्यार व त्याची वाढ

रंधा हें फार जुनें हत्यार आहे. इटलींतील पाँपेई हें शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथील उत्खननांत त्या वेळच्या सुतारांचे रंधे सांपडले आहेत. त्यांचें तत्त्व आणि आपल्या गांवच्या सुताराच्या रंध्याचें तत्त्व एकच आहे. सपाट तळाच्या ठोकळ्यांत पातें तिरपें बसवावयाचें, त्याची धार तळाखालीं केसभर बाहेर काढावयाची आणि तो ठोकळा लाकडावरून पुढें ढकलावयाचा. पातें ठोकळ्यांत स्थिर असतें, आणि हाताच्या जोरानें लाकडाची पातळ, अखंड ढलपी निघत जाते.

फिरत्या पात्यांनीं लाकूड तासण्याची कल्पना यंत्रयुगांतील आहे. इंग्लंडांतील जोसेफ ब्रामा ह्या प्रसिद्ध यंत्रकारानें १८०२ मध्यें अशा एका यंत्राचें पेटंट घेतलें. तें कारखान्यांत कायम बसविण्याजोगें अवजड होतें. लाकूड उचलून यंत्राकडे न्यावें लागे. यंत्रच हातांत धरून लाकडाकडे नेण्याची सोय विजेच्या लहान मोटारी निघाल्यानंतरची. जपानांतील मकिता कंपनी १९१५ मध्यें नागोया येथें मोटर-दुरुस्तीच्या धंद्यानें सुरू झाली. तिनें १९५८ मध्यें हातांत धरावयाचा विजेचा रंधा बाजारांत आणला, आणि जपानांत असा रंधा तयार करून विकणारी ती पहिली कंपनी ठरली. आज आपल्या बाजारांत अनेक कंपन्यांचे रंधे मिळतात. त्यांचीं नांवें व रंग निरनिराळे असले तरी आंतील रचना बहुतेक सारखीच असते. दुकानदार ह्यास पॉवर प्लेनर किंवा नुसतें प्लेनर म्हणतात. सुतार लोक त्यास रंधा मशीन म्हणतात.

यंत्राची रचना

ह्या यंत्रांत एक लहान मोटर असते. तिची गति दांत्यांच्या किंवा खांचांच्या रबरी पट्ट्यानें तळाजवळच्या एका आडव्या रुळास मिळते. रुळावर समोरासमोर दोन पातीं पक्कीं बसविलेलीं असतात. कांहीं यंत्रांत एकच पातें असतें. हा रूळ मिनिटास साधारणपणें १२,००० पासून १७,००० पर्यंत फेरे घेतो. साध्या रंध्यांत पातें स्थिर असून ढलपी लांब निघते. येथें पातें फिरतें असल्यामुळें लाकडाचे बारीक तुकडे उडतात आणि ते बाजूच्या तोंडावाटे बाहेर फेंकले जातात.

आतां ह्या यंत्राचें खरें मर्म पाहूं. साध्या रंध्यास तळ एक असतो. ह्यास दोन असतात, एक रुळाच्या पुढें व एक मागें. मागचा तळ पक्का असतो. फिरतांना पात्यांची धार खालीं जेथपर्यंत पोंचते, बरोबर त्याच पातळींत हा मागचा तळ असला पाहिजे. पुढचा तळ मात्र वरखालीं करतां येतो. पुढची मूठ फिरविली कीं पुढचा तळ वर सरकतो, आणि तो जितका वर गेला तितक्या जाडीचें लाकूड तासलें जातें. मुठीभोंवतीं मि. मी.चे आंकडे कोरलेले असतात, ते ह्याच अंतराचे. म्हणजे काम चालूं असतां पुढचा तळ न तासलेल्या लाकडावर व मागचा तळ नुकत्याच तासलेल्या लाकडावर चालतो, आणि मागच्या तळाच्या आधारानेंच रंधा सरळ रेषेंत जातो.

एवढी गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पुढील दोषांचें कारण आपोआप कळतें. पातें मागच्या तळाखालीं अधिक बाहेर आलें असेल तर फळीच्या शेवटीं, पुढचा तळ फळीवरून सुटतांच, रंधा खालीं बसतो आणि तेथें खड्डा पडतो. पातें आंत राहिलें असेल तर मागचा तळ तासलेल्या भागावर चढून बसतो आणि तासणी पुढें पुढें उथळ होत जाते. पातें एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी निघालें असेल तर फळीस आडवा उतार येतो. ह्या तिन्ही दोषांत मोटर बिचारी निर्दोष असते. दोष तळाचा किंवा पातें बसविणाऱ्याचा असतो.

फेऱ्यांचा हिशेब

काम गुळगुळीत होणें हें पुष्कळ अंशीं ढकलणाऱ्याच्या हातांत आहे. समजा, रूळ मिनिटास १५,००० फेरे घेतो आणि त्यावर दोन पातीं आहेत. म्हणजे मिनिटास ३०,००० काप झाले. रंधा मिनिटांत ३ मीटर, म्हणजे ३,००० मि. मी., पुढें सरकविला तर दोन कापांमध्यें ०.१ मि. मी. अंतर पडतें. तोच रंधा घाईनें मिनिटास ९ मीटर ढकलला तर हें अंतर ०.३ मि. मी. होतें. शिवाय जोरानें ढकलल्यामुळें मोटरीवर भार पडून फेरे कमी होतात आणि अंतर आणखी वाढतें. दोन पात्यांपैकीं एक किंचित् वर आलेलें असेल तर खूण केवळ त्याचीच उमटते, म्हणजे अंतर दुप्पट होतें. अशा वेळीं नदीकांठच्या वाळूवर दिसतात तशा बारीक आडव्या लाटा लाकडावर उठतात आणि रंग दिल्यावर त्या अधिकच उघड्या पडतात. ह्यास्तव रंधा सावकाश ढकलावा आणि दोन्ही पातीं समान उंचीवर बसवावीं, ह्या दोन नियमांनीं साध्या यंत्राचें कामही पुष्कळ सुधारतें.

रंधा निवडतांना पाहावयाच्या बाबी

पहिली बाब, रुंदी. बाजारांतील बहुतेक रंधे ८२ मि. मी. रुंद तासतात. घरच्या दाराची कड साधारण ३० ते ४० मि. मी. जाड असते, गव्हाणीची फळीही दोन-तीन पट्ट्यांत सहज तासली जाते. तेव्हां शेतकऱ्याच्या घरास ही रुंदी पुरेशी आहे. ११०, १५५ व १७० मि. मी. रुंदीचे रंधेही मिळतात. परंतु ते तुळया व वासे तासण्याकरितां आहेत, वजनानें जड आहेत, आणि न शिकलेल्या हातांत ते यंत्रापेक्षां संकटच अधिक ठरतात. ८२ मि. मी.चीं पातीं तालुक्याच्या गांवीं मिळण्याचा संभव अधिक, हाही मोठा लाभ आहे.

दुसरी बाब, तळ. ह्याविषयीं एका दुकानांत पाहिलेली गोष्ट सांगतों. एक वृद्ध मिस्त्री रंधा घेण्यास आले होते आणि दुकानदार त्यांस वॅटचे आंकडे मोठ्या उत्साहानें ऐकवीत होता. मिस्त्रींनीं तिकडे लक्ष न देतां खिशांतून एक फूटभर पोलादी पट्टी काढली, रंधा उलटा केला, पुढची मूठ शून्यावर आणली आणि पट्टी दोन्ही तळांवर उभी धरून ते उजेडाकडे पाहूं लागले. पहिल्या रंध्यांत पट्टीखालून फट दिसली. तो त्यांनीं बाजूस ठेविला. दुसऱ्यांत उजेड दिसला नाहीं. तो त्यांनीं घेतला. मीं कुतूहलानें विचारलें तेव्हां ते म्हणाले, “भाऊसाहेब, मोटर जळली तर भरून मिळते. तळच वांकडा निघाला तर तो सरळ कोण करून देणार?” ह्यापेक्षां अधिक नेमकी कसोटी सांगतां येणार नाहीं. पट्टी प्रथम मध्यावर, मग दोन्ही कडांस व शेवटीं तिरपी कोपऱ्यास कोपरा अशी लावावी. तिरपी लावली असतां तळास पीळ आहे कीं काय तें कळतें. ह्यानंतर, यंत्राची पिन बोर्डांत नाहीं ह्याची खातरी करून, पट्टी मागच्या तळावर ठेवून तिचें टोंक रुळावर येऊं द्यावें आणि धारेस बोट न लावतां रूळ हळूंच फिरवावा. पात्याची धार पट्टीस नुसती स्पर्श करून जावी. तिनें पट्टी उचलूं नये आणि पट्टीपासून दूरही राहूं नये.

तिसरी बाब, पातीं. हीं मुख्यतः दोन प्रकारचीं असतात. एक टंगस्टन कार्बाईडचीं अरुंद पातीं. त्यांस दोन्ही कडांस धार असते, एक धार बोथट झाली कीं पातें उलटें बसवावयाचें, आणि दुसरीही गेली कीं टाकून द्यावयाचें. धार पुष्कळ टिकते, बसविणें सोपें असतें. मात्र खिळा लागला तर धारेचा तुकडा उडतो. दुसरीं हायस्पीड पोलादाचीं रुंद पातीं. हीं निसण्यावर पुन्हां पुन्हां परजतां येतात, परंतु परजल्यावर प्रत्येक वेळीं नेमक्या उंचीवर बसविण्याचें काम काळजीचें आहे. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं जाणता सुतार आहे त्यांनीं पोलादी घ्यावीं. इतरांनीं उलटवून वापरण्याचीं घ्यावीं. बदलावयाचीं झाल्यास दोन्ही पातीं एकदम बदलावीं, कारण त्यांच्या वजनांत फरक पडला तर रूळ थरथरतो.

चौथी बाब, टेंकू. कांहीं रंध्यांच्या मागच्या तळाखालीं एक लहान पाय असतो. रंधा खालीं ठेवतांच तो बाहेर येऊन मागची बाजू उचलून धरतो आणि पातें जमिनीपासून वेगळें राहतें. ही लहानशी सोय पुष्कळ मोलाची आहे. त्याचप्रमाणें घोडा दाबण्यापूर्वीं एक निराळी कळ दाबावी लागते असें यंत्र घ्यावें. म्हणजे उचलतांना चुकून बोट पडलें तरी तें सुरू होत नाहीं.

पांचवी बाब, खोली व खांच. जाहिरातींत एका वेळीं २ किंवा ३ मि. मी. तासतें असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. बाभळीसारख्या कठीण लाकडावर, पुऱ्या रुंदीनें, कोणी ३ मि. मी. एकदम तासूं जाईल तर लहान मोटर दमते आणि लाकूडही फाटतें. घरच्या कामास अर्ध्यापासून १ मि. मी.पर्यंतची तासणी योग्य. अधिक हवें असेल तर दोनदां फिरवावें. सबब ज्या यंत्रावर कमाल खोली १ मि. मी.च लिहिली आहे, तें केवळ तेवढ्यानें हलकें समजूं नये. चौकटीच्या कडेस दार बसण्याकरितां पायरीसारखी खांच पाडावयाची असेल तर ती किती खोल पडते हें स्वतंत्र विचारावें. कांहीं यंत्रांत ती ९ मि. मी. तर कांहींत त्याहून पुष्कळ अधिक पडते. पुढच्या तळाच्या मध्यें असलेली लांबट खोबण कोपऱ्याची तीक्ष्ण कड मारण्याकरितां असते. गव्हाणीच्या कडा अशा मारल्या म्हणजे गुरांची मान सोलत नाहीं.

सहावी बाब, वॅट. ८२ मि. मी.चे रंधे बहुधा ५०० ते ८५० वॅटचे असतात. यंत्र वीज किती ओढतें हें ह्या आंकड्यावरून कळतें. काम किती सरळ होईल हें त्यावरून कळत नाहीं. सागवान, आंबा, कडुलिंब ह्यांस लहान आंकडाही पुरतो. बाभूळ किंवा शिसव नेहमीं तासावयाचें असेल तर ७०० वॅटच्या आसपासचें यंत्र घ्यावें.

सातवी बाब, विजेचा दाब. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेंत ती १२० व्होल्टची आणि जपानांत १०० व्होल्टची आहे. परदेशीं असलेला मुलगा किंवा भाचा कौतुकानें तेथून यंत्र घेऊन येतो. तें सरळ आपल्या बोर्डास लावलें तर मोटर क्षणांत जळते. म्हणून यंत्रावरील पट्टी वाचल्याखेरीज पिन लावूं नये. तसेंच वस्तीपासून दूर काम असल्यास लांब तार घ्यावी लागते, ती बारीक घेऊं नये. ७०० वॅटचें यंत्र सुमारें ३ अँपियर प्रवाह घेतें, ०.७५ चौ. मि. मी.ची तांब्याची तार ५० मीटर नेली तर जातांना व येतांना मिळून तींत सुमारें ७ व्होल्ट खर्ची पडतात, १.५ चौ. मि. मी.च्या तारेंत त्याच्या निम्मेच. खेड्यांत दाब आधींच कमी असतो; त्यांत ही घट पडली म्हणजे मोटर मंद चालते व तापते. तारेची गुंडाळी असेल तर ती पूर्ण सोडून घ्यावी. गुंडाळलेली तार तापून तिचें वेष्टण वितळूं शकतें. ज्यांच्या शेतघरीं घरगुती वीज नाहीं, त्यांनीं १८ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या रंध्याचा विचार करण्यास हरकत नाहीं. मात्र बॅटरी व तिचें चार्जर ह्यांची किंमत अगोदर विचारून घ्यावी, कारण कित्येकदां दाखविलेली किंमत नुसत्या यंत्राचीच असते.

आठवी बाब, सुटे भाग. पट्टा, कार्बनचे ब्रश आणि पातीं ह्या तीन वस्तु झिजणाऱ्या आहेत. त्या त्याच दुकानांत आज मिळतात काय, हें यंत्र घेण्यापूर्वीं विचारावें आणि शक्य तर एक पट्टा व पात्यांची एक जोडी त्याच वेळीं घेऊन ठेवावी. ज्या यंत्राचा पट्टा मिळत नाहीं तें यंत्र स्वस्त मिळालें तरी महाग पडतें.

पावसाळ्यांत अडणारें दार

आपल्या घरांत रंध्याची आठवण बहुधा आषाढ-श्रावणांत होते. दार फुगतें, चौकटींत अडतें आणि यजमान रंधा मागवितात. येथें थोडें थांबणें हिताचें आहे. लाकूड ओलावा घेऊन फुगतें तें तंतूंच्या आडव्या दिशेनें; तंतूंच्या लांबीच्या दिशेनें तें जवळ जवळ मुळींच वाढत नाहीं. म्हणून फळ्यांचें दार उंचीनें वाढत नाहीं, रुंदीनें वाढतें. हाच ओलावा मार्गशीर्षापासून उतरूं लागतो आणि चैत्र-वैशाखांत दार पुन्हां आकसतें. श्रावणांत भरपूर तासलेल्या दारास वैशाखांत बोटभर फट पडते. त्या फटींतून धूळ, उंदीर व साप घरांत येतात. जुनें सागवानी दार ह्या रीतीनें कायमचें लहान होतें, आणि तसें लाकूड आज सहजीं मिळत नाहीं.

ह्यावर योग्य रीत अशी. प्रथम बिजागरीचे स्क्रू तपासावे. पुष्कळदां दार फुगलेलें नसतें, ढिल्या बिजागरीमुळें खालीं उतरलेलें असतें. तसें नसेल तर चौकटीच्या कडेस खडू घासून दार लावावें. जेथें अडतें तेथें खडूची खूण दारावर उमटते. ती जागा पेन्सिलीनें आंखून ठेवावी आणि शक्य तर तासणी कोरडी हवा येईपर्यंत लांबवावी. दार मुळींच लागत नसेल तर फक्त आंखलेल्या जागीं, एका वेळीं अर्धा मि. मी. याप्रमाणें तासावें व प्रत्येक वेळीं दार लावून पाहावें. तासलेल्या कडेस त्याच आठवड्यांत रंग किंवा तेल द्यावें. दाराच्या माथ्याची व तळाची कड बहुधा कोरीच राहिलेली असते आणि पाणी तेथूनच शिरतें. तीही ह्या निमित्तानें रंगवून घ्यावी. असें केल्यास पुढील पावसाळ्यांत फुगणें पुष्कळ कमी होतें.

काम करण्याची रीत

लाकूड वाळलेलें असावें. ओली बाभूळ आज तासून सरळ केली तरी महिन्याभरांत ती पुन्हां वांकते. लाकूड स्वतःच्या बांधावरचें असलें तरी झाड तोडण्यापूर्वीं कायद्याकडे लक्ष द्यावें. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाप्रमाणें साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ इत्यादि ठराविक झाडांस परवानगी लागते, आणि ती मागाहून मिळेल ह्या भरंवशावर कुऱ्हाड लावूं नये.

जुन्या वाड्याचें लाकूड असल्यास खिळे शोधावे. लोहचुंबक फिरविला तर रंगाखालीं दडलेला खिळाही कळतो. चुना व माती तारेच्या ब्रशानें काढावी, कारण वाळूचा कण धारेस खिळ्याइतकाच मारक आहे.

लाकूड शिकंज्यानें किंवा आधारानें पक्कें बसवावें; पायाखालीं दाबून धरूं नये. पुढचा तळ लाकडावर टेंकवावा, पातें लाकडास लागूं देऊं नये, यंत्र सुरू करून त्यास पूर्ण वेग येऊं द्यावा आणि मग पुढें न्यावें. आरंभीं भार पुढच्या मुठीवर, मध्यें दोहोंवर समान व शेवटीं मागच्या मुठीवर असावा. म्हणजे दोन्ही टोंकांस खड्डे पडत नाहींत. तंतु ज्या बाजूस चढत जातात त्याच बाजूस रंधा चालवावा. उलट चालविल्यास लाकडाचे कपचे उपटतात. दाराच्या माथ्याची कड तासतांना दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे यावें, अन्यथा शेवटचा कोपरा फुटतो.

ह्या यंत्राची मर्यादाही ओळखावी. दोन्ही तळ मिळून त्याची लांबी सुमारें ३०० मि. मी. असते. तीन मीटर लांब तुळईस मोठा बाक असेल तर रंधा त्या बाकावरूनच वरखालीं चालत जातो, बाक काढीत नाहीं. तो दोरी आंखून उंच भाग आधीं तासून काढावा लागतो व शेवटीं लांब हातरंधा फिरवावा लागतो. तसेंच सर्व फळ्या एकसारख्या जाडीच्या करणें हें ह्याचें काम नव्हे. त्याकरितां वखारीवर निराळें यंत्र असतें, तेथें फळ्या नेणें स्वस्त पडतें.

सावधगिरी

घोडा सोडला म्हणजे रूळ थांबला असें नाहीं. तो पुढेंही कांहीं क्षण पूर्वींच्याच धारेनें फिरत असतो. बहुतेक अपघात ह्याच वेळीं होतात. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत यंत्र हातांतच धरावें, मांडीवर किंवा जमिनीवर ठेवूं नये. भुसा अडकला तर प्रथम पिन काढावी, मग काडीनें तो काढावा. तळाखालीं बोट कधींही घालूं नये. उपरणें, सैल बाही, पदर, हातांतील कडें ह्यांपैकीं कांहींही यंत्राजवळ येतां कामा नये. तार खांद्यावरून मागें टाकावी, म्हणजे ती पात्याखालीं येत नाहीं. पातीं बदलल्यावर सर्व स्क्रू दोनदां आवळावे आणि यंत्र प्रथम तोंडापासून दूर धरून चालवून पाहावें. ओल्या जमिनीवर किंवा पावसांत काम करूं नये.

डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे आणि नाकास मुखपट्टी असावी. लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी आहे ही समजूत खरी नाहीं; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत लाकडाच्या धुळीची गणना माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली आहे. वर्षांतून दोन दिवस काम करणाऱ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं, परंतु बंद खोलींत, लेंकरें भोंवतीं बसलीं असतां तासणी करणें टाळावें.

घ्यावा कीं न घ्यावा

आतां मूळ प्रश्न. समजा, यंत्रास ६,००० रुपये पडले व तें ८ वर्षें चाललें, तर वर्षास ७५० रुपये झाले. पातीं, पट्टा, ब्रश ह्यांस सरासरी ४५० रुपये धरले तर वार्षिक बोजा १,२०० रुपये होतो. यंत्रासह येणारा सुतार दिवसास ८०० रुपये घेत असेल, तर वर्षांत दीड दिवसाहून अधिक तासणीचें काम असल्याखेरीज यंत्र घेण्यांत पैशाचा लाभ नाहीं. हे आंकडे केवळ रीत दाखविण्याकरितां धरले आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचा भाव व आपल्या घरचें काम घालून हीच मांडणी करावी. त्यांत स्वतःच्या वेळेची किंमत धरण्यास विसरूं नये. ऐन पेरणींत घरधनी दार तासीत बसला तर ती बचत नव्हे.

चार-पांच घरांनीं मिळून एक यंत्र घेण्याची कल्पनाही चांगली आहे. परंतु पातीं परजणें, पट्टा बदलणें व यंत्र कोणाकडे केव्हां गेलें ह्याची नोंद ठेवणें हें काम कोणा एकाकडेच असावें. सर्वांचें यंत्र तें कोणाचेंच नव्हे अशी स्थिति झाली कीं त्याचीं पातीं वर्षभरांत करवतीसारखीं होतात.

ज्यांच्या घरीं लाकूडकाम खरोखरच आहे, मधपेट्या करण्याचा जोडधंदा आहे किंवा नवें घर उभें राहत आहे, त्यांस हें यंत्र मोठें साहाय्य करील. त्यांनीं ८२ मि. मी.चें, सरळ तळाचें, टेंकू व कळ असलेलें आणि ज्याचे सुटे भाग गांवांत मिळतात असें यंत्र घ्यावें, व पहिले आठ दिवस टाकाऊ फळ्यांवर हात बसवावा. ज्यांचें काम वर्षांतून एकदोन दारांपुरतें आहे, त्यांनीं गांवच्या सुतारास बोलवावें. मात्र तो आला म्हणजे त्यास श्रावणांत दार किती तासूं द्यावयाचें हें ठरविणें घरधन्याच्याच हातीं आहे, आणि त्याकरितां वरील माहिती त्यासही उपयोगी पडेल.